काकांच्या गाडीची टेस्ट

परवा शैलाकाकूंबरोबर गाडीच्या धुराच्या टेस्टला गेले होते, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. आपल्या या शुगर लँड गावात ती पास झाल्याशिवाय जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन होत नाही, माहितीच आहे. काका गेल्यापासून त्यांची गाडी गॅरेजमध्येच उभी. नापास झाली तर काकूंचा मुलगा ती भंगारात देणार होता.

आमचे हे काकांएवढेच उंच; त्यांनी गाडी चालवत तिथवर नेली आणि आम्हाला तिथे सोडून टॅक्सीने ऑफिसला गेले. टेस्टवाला म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. पण नवी बॅटरी घातल्यावर गाडी फारशी चालवलेलीच नाही, त्यामुळे मशीनला काही कळत नाही. हायवेवर फिरवून आणा."

काकू मला म्हणाल्या, "अगं, दसऱ्याला पूजा केली, हार घातला. दर शनिवारी पुसते. त्याला सांग ना."

ते काही मी त्याला सांगितलं नाही. चालवायला बसले, तर पाय पोचेनात. सीट पुढे घ्यायला वाकले, तसा काकूंनी माझा हात धरला. "नको गं. ती त्यांनी लावलेली आहे."

"काकू, मग गाडी भंगारात जाईल."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "सरकव."

हायवेवर पुष्कळ फिरलो. गाडी पास झाली. घरी आल्यावर काकू स्वतः सीट मागे सरकवायला लागल्या. "इथवर होती का?"

"अजून थोडी मागे असेल."

त्यांनी मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे.

"नाही आठवत गं," म्हणाल्या, आणि गॅरेजचा दिवा घालवला.