उणे सत्तावीस

नाही, नाही, चहा नका ठेवू इंदुताई — मी दोन मिनिटांसाठी आली, रविवारी सकाळी कोणाच्या घरी जाऊन बसायची माही रीत नाही — पण तीन रात्री झाल्या, डोळ्याले डोळा नाही, अन् कायच्यापायी म्हणाल तर एका अधिकच्या चिन्हापायी. हसू नका. बाईमाणसाची झोप ढेकणानं उडावी, पोराच्या तापानं उडावी, अधिकच्या चिन्हानं उडावी हे काही बरं नाही. ही पाहा वही. आमच्या कौसीची — कौसल्याची, तुमच्या नववीतली, दुसऱ्या बाकावरची. हो, तिनं नाही दिली, मीच आणली. ती घागर घेऊन नळावर गेली अन् मी दप्तरातून काढली, पदराखाली घेतली अन् निघाली. आईनं पोरीच्या दप्तरात हात घातला तर ती चोरी होते काय? होत असंन. पण आधी वही पाहा, मग माहं पाहा.

'घरातल्या माणसांच्या वयांवर स्वतः उदाहरणं तयार करून सोडवा' — असं कायले दिलं हो तुम्ही? नळ अन् हौदाचं द्यायचं होतं. एक नळ भरते, एक रिकामं करते, कोणाच्या घरचं काही उघडं पडत नाही. आगगाडीचं द्यायचं होतं, आमच्या दिग्रसले कोणती गाडी येते की पोट्टी जाऊन मोजंन! नाही, राग नाही, तुमच्यावर कायचा राग — वाचते मी, ऐका. 'माझे व आईचे आजचे वय यांचा गुणाकार तीनशे अठ्ठ्याहत्तर. आई माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. तर माझे वय किती?' स्वतःले क्ष धरलं, मले क्ष अधिक तेरा. वर्गसमीकरण मांडलं, अवयव पाडले, दोन उत्तरं आली — चौदा, अन् उणे सत्तावीस. खाली लिहिते कशी पाहा — 'वय उणे नसते, म्हणून उणे सत्तावीस सोडून दिले.' माहं वय किती आहे इंदुताई? सत्तावीस. मले समजते, गणितात ते तसंच येते, त्यात माह्यावर काही टोमणा नाही. पण आपलंच वय, पुढं उण्याची काडी, अन् 'सोडून दिले' — पोरीच्या वळणदार अक्षरात — मी चुलीसमोर होती, भाकर जळली तरी मले वास नाही आला.

तेरा वर्षं ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या, पाह्यलं मी. तुमाले वाटलं असंन, यांच्यात तेराव्या वर्षी लेकरं होत असतील. नाही होत. दुसरं उदाहरण वाचा — थांबा, मीच वाचते. 'आईचे लग्न झाले तेव्हा आईचे वय य, माझे वय क्ष. य वजा क्ष बरोबर तेरा, कारण दोन माणसांच्या वयांतला फरक कधी बदलत नाही. य बरोबर पंधरा.' दोन समीकरणं, दोन अव्यक्तं, क्ष बरोबर दोन. चार वेळा सोडवलं तिनं, मागच्या पानापर्यंत खोडाखोड आहे, चारही वेळा दोन. अधिक दोन. अन् खाली पेन्सिलीनं हे — 'उत्तर उणे यायला पाहिजे. माझा जन्म झालेला नव्हता. चिन्ह चुकले असावे. बाईंना विचारणे.'

तर तेवढ्यासाठी आली मी. तिनं विचारलं तर सांगजा, हो, चिन्ह चुकलं. लाल पेन्सिलीची एक फुली, बस. तुमच्या फुलीवर तिचा भारी विश्वास आहे — मी सांगितलेलं ती पडताळून पाहते, तुमची फुली नाही पडताळत. पोरगी घरी येईन, चूक धुंडत बसंन, मग सहामाही येईन अन् विसरून जाईन. एवढं मोठं काम नाही ना हे?

काय म्हणता? कुठं चुकलं ते दाखवू?

असं कसं विचारता हो एकदम.

तारखा चुकल्या म्हणावं, तर त्या माह्याच. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस एक जुलैले — गुरुजींनी विचारलं, आईबापानं डोकं खाजवलं, गुरुजींनी लिहिलं एक जुलै. मीच एक शहाणी, आठवीपर्यंत शिकलेली! ताठ उभी राहून सांगितली, नऊ मार्च एकोणीसशे अठ्ठेचाळीस. गुरुजी म्हणे, वा, अशी आई पाहिजे. माह्या शाळेचा दाखला पेटीत जपून ठेवला, त्यावर तीन जानेवारी पस्तीस. अन् लग्नाची तारीख पोरीले कुठं मिळाली म्हणाल, तर मामानं आहेरात दिलेल्या पाण्याच्या पितळी गुंडावर. गळ्याभोवती गोल कोरलेली आहे — 'तुळसाच्या लग्नात मामाकडून भेट, चौदा मे एकोणीसशे पन्नास.' दर आठवड्याले मीच चिंच लावून घासते तो. इतका चकचकीत ठेवला की तारीख दारातून वाचता येते. लपवायचं असणारी बाई असं करते काय? तुम्हीच सांगा. थोडी कमी शिकलेली असती, थोडी आळशी असती, तर आज फसली नसती.

नाही चुकलं. बरोबर आहे उदाहरण. माह्या लग्नात कौसी दोन वर्षांची होती. मांडवात कोणाच्या तरी कडेवर बसून चुरमुरे खात होती.

माह्या बहिणीची पोरगी आहे ती. रुखमाची. तसं काही नाही हो, जगावेगळं नाही — रुखमा तापानं गेली, पोर दीड वर्षाचं, अन् माहेरी, बोरी गावच्या घरात सगळे बसले अन् म्हणाले, लेकराले सावत्र आई पाहिजे की मावशी? असं विचारल्यावर कोण काय म्हणणार? मले कोणी विचारलंच नाही म्हणा. भाऊजी होते, नवरा झाले. माणूस चांगला आहे, कापसाच्या जिनात काम करते, कवा माह्यावर हात नाही उगारला. वर्षाभरानं इकडं दिग्रसले आलो, तर पहिल्याच दिवशी शेजारीण विचारते, तुहीच काय गं पोट्टी? अन् मी म्हटलं, हो. एवढंच. एका 'हो'नं काय होते? मग दुसरीले म्हटलं, तिसरीले म्हटलं, अन् पोट्टीले समज आली तवा तिलेही तेच मालूम. इचे बाबा एकदाच म्हणाले, सांगून टाक तुळसा. मी म्हटलं, मोठी होऊ द्या. अन् पाहा, एवढी मोठी झाली की स्वतःच काढलं.

सांगायले काय हरकत होती? हेच तर मी तीन दिवस स्वतःले विचारून राह्यली. हरकत काही नव्हती. पण मागच्या साली शाळेच्या गॅदरिंगले मोठ्या बाईंनी मले वर बोलावलं, आठवते? कौसीले गणिताचं बक्षीस होतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, मुलगी आईच्या डोक्यावर गेली. अन् मी — मी हसली इंदुताई. मान खाली घालून, लाजून, चांगली हसली. बीजगणितात नापास झालेली बाई मी! सहामाहीत शंभरापैकी अठरा. डोकं कोणाचं होतं ते मले मालूम होतं, अन् मी ते आपल्या पदरात बांधून घरी आणलं.

रुखमा शाळेत गेलीच नाही. मी जावं म्हणून ती माह्या वाट्याचीही वेचणी करे. पण दिवस मावळता कापूस तराजूवर चढला की पंधरा बायांचं वजन तोंडी सांगे, पाटलाचा दिवाणजी पाटीवर बेरीज करेपर्यंत ही उत्तर देऊन घरच्या वाटेले लागलेली. एकदा मी उदाहरण घेऊन रडत बसली होती — दोन टोपल्यांत मिळून चौतीस शेर कापूस, एकीत दुसरीहून दहा शेर जास्त, तर कोणत्या टोपलीत किती? क्ष अन् य घेऊन तीन पानं काळी केली. ती भाकरी थापत होती, तिथूनच म्हणे, 'रडतं काहून? जास्तीचे दहा बाजूले काढ. राह्यलेले सारखे वाट. मग काढलेले दहा एकीत टाकून दे.' बावीस अन् बारा. झालं. अन् कौसी — शपथ घेऊन सांगते, कोणी शिकवलं नाही तिले — पाटीवर काही लिहायच्या आधी ओठातल्या ओठात म्हणते, जास्तीचं बाजूले काढ. पहिल्यांदा ऐकलं तवा माह्या हातातून पळी पडली होती.

असं डोकं होतं, अन् तिचं साधं वयही कोणी लिहून नाही ठेवलं. माह्यासाठी दाखला आहे, गुंड आहे. तिच्यासाठी काय? माय म्हणे, पुराच्या साली झाली. कोणत्या पुराच्या, ते माय सांगून गेली नाही.

पाणी द्या थोडं. नाही, बरी आहे मी.

एक होतं तिचं. चांदीचा टाक होता, रुपयाएवढा, त्यावर बाईचं चित्र उमटवलेलं. दुसरेपणाची बायको गळ्यात घालते ना पहिलीच्या नावानं — तो. काळ्या दोऱ्यात होता, माह्या चोळीच्या आत. कौसी दूध पिणाऱ्या पोरासारखी तिथं हात घालून त्याच्याशी खेळे. मग छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरले अन् नदीत सोडले, अख्खी वस्ती गेली होती, अन् त्याचं मले आजही काही वाईट वाटत नाही — ते सोडायलाच पाहिजे होते, ताठ मानेनं चालत घरी आली मी. पण टोपली पाण्यात रिकामी होत होती तवा मी दोरा तोडला अन् टाकही टाकला. कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, जुनं आहे, देवाबरोबर गेलं. कोणी नाही विचारलं. ती देव थोडीच होती हो इंदुताई? माही बहीण होती. मले सोयीचं होतं म्हणून त्या एवढ्या मोठ्या दिवसाच्या आड लपून मी तिले बुडवलं. वय उणे नसते म्हणून सोडून दिले — तसंच.

हे सांगायले नव्हती आली मी. फुली मारून मागायले आली होती.

अन् आता सांगूनच राह्यली तर हेही ऐका, मग मले बसू द्या की उठवा. पोरगी पहिल्यांदा मले मावशीच म्हणे. चांगलं स्पष्ट — मावशी. अन् मी पंधराची, दप्तर सुटलेलं, आठवी अर्धी राह्यलेली, त्या पोरीपायी — मले तिचा राग येत होता. येत होता, आता काय खोटं बोलू. मग एक दिवस वाटलं, हिच्यापायी सगळं गेलंच आहे तर निदान आई तरी म्हणावं हिनं. भाकरीचा तुकडा हातात धरायची मी. मावशी म्हटलं, की हात मागं. आई म्हटलं, की तुकडा. दोन वर्षांचं लेकरू. तीन दिवसांत शिकली. हुशार होती ना. चौथ्या दिवशी भाकर नव्हती मागत तरी आई म्हणाली, अन् मी तिले उचलून घेतलं अन् तवापासून खाली ठेवली नाही म्हणा ना — पण ते तीन दिवस आहेतच. ते कोणत्या बाजूले नेऊन चिन्ह बदलावं?

अन् आता तुम्ही म्हणसान, सांगून टाका. सांगितलं अन् ती मले मावशी म्हणाली तर? रागानं नाही — रागाचं काही नाही, राग उतरते — हिशेबानं म्हणाली तर? तिच्या पद्धतीनं, शांतपणे, खाली रेघ ओढून? म्हणून म्हणते, फुली मा—

हे काय केलं? बरोबरची खूण केली तुम्ही? एवढं सगळं ऐकून बरोबरची? लाल पेन्सिल पुसल्याही जात नाही हो, कागद फाटते. आता मी वही दप्तरात कशी ठेवू? काय सांगू, बाई स्वप्नात येऊन तपासून गेल्या? मी एवढी पदर पसरून — अन् तुम्ही माह्याकडं पाहतही नाही, दाराकडं काय पाहून राह्यल्या —

कौसे.

घागर कुठं आहे? वही हरवली म्हणून सांगायले आलीस काय बाईंना? नाही हरवली, ही पाहा, मीच — मीच आणली. कवापासून उभी आहेस तू? आत ये. अशी चौकटीले धरून नको उभी राहू. टोपलीचं ऐकलंस? टाकाचं? अन् भाकरीचं — अव, काही बोल ना. जे म्हणायचं ते म्हण, मी नाही रडणार. इंदुताई, तिले म्हणा ना काही बोलाव—

"आई, मग तिचं वय किती धरू?"