केसभर डावीकडे

...आणि वर सगळ्यांचा एकच शब्द. केसभर. बाण टेकतो तो आधार केसभर डावीकडे घ्या, दोरीवरची गाठ केसभर खाली घ्या, दोरीला केसभर पीळ द्या. अहो, पण कोणाचा केस? माझ्या डोक्यावर तर सत्त्याण्णव सालापासून एक नाही. मोजायचं कशाने?

तुम्हाला सांगतो, मी काही अडाणी माणूस नाही. एकतीस वर्षं चीजच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. दह्याचे तुकडे करणारं मशीन माझ्या पावलांचा आवाज ऐकून सुरू व्हायचं, असं लोक म्हणायचे. लोक नाही, मीच म्हणायचो, असं आर्डिस म्हणते. आर्डिस म्हणजे माझी बायको. तर असा माणूस एक धनुष्य जुळवायला बसतो, कंपाउंड धनुष्य, दोन टोकांना दोन चाकं, तीन दोऱ्या, बस... आणि सहा आठवडे त्यातून उठत नाही. शोभतं का हे?

पण सुरुवात धनुष्यापासून नाही झाली. सुरुवात झाली गेल्या ऑक्टोबरात. ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात ओढ्याच्या वरच्या अंगाला, झाडावरच्या मचाणावर बसलो होतो. चांगलं मोठं हरण आलं. बावीस यार्ड. वारा माझ्या बाजूने, हरण आडवं उभं, शांत. मी खांद्यामागे नेम धरला आणि बाण सोडला, आणि बाण लागला मागे, मांडीत. हरण लंगडत गेलं. मी आणि आर्डिसने अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून शोधलं, गुडघ्यांवर बसून पानं उलटी करकरून रक्ताचे थेंब शोधले. अर्धा मोडलेला बाण मिळाला. हरण नाही मिळालं. परत आल्यावर घराच्या दारात आर्डिस म्हणाली, "व्हर्लिन, बघतोस तिथे बाण जातो, हे मला कागदावर दाखव. तोवर तू जंगलात जायचं नाहीस."

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणून तर जास्त लागलं.

मग मी काय केलं? जे कोणीही करेल ते केलं. दोष धनुष्याला दिला. वीस वर्षं जुनं, विकून टाकलं, आणि एप्रिलमध्ये प्रोहास्काच्या दुकानात जाऊन नवं घेतलं. प्रोहास्का म्हातारा चौऱ्याहत्तरचा आहे, आमच्या खोऱ्यातली निम्मी धनुष्यं त्याच्या हाताखालून गेलेली. मला म्हणाला, "हात पसर." मी पसरले. त्याने टेप लावली, पुटपुटत भागाकार केला आणि म्हणाला, "साडेसत्तावीस. गुरुवारी ये, तुझ्या मापाने बांधून ठेवतो."

साडेसत्तावीस इंच म्हणजे दोरी किती लांब ओढायची त्याचं माप. मी म्हटलं, "प्रोहास्का, मी वीस वर्षं साडेएकोणतीस ओढतोय."

तो म्हणाला, "ओढत असशील."

आता तुम्हीच सांगा, हे काय बोलणं झालं? बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यासमोर माणसाचे हात दोन इंचांनी कापायचे? मी म्हटलं, धनुष्य खोक्यात भरून दे, माझं मी बांधतो. त्याने दिलं. खांदे उडवून दिलं, ते आणखी वेगळं.

छताच्या पन्हळी साफ करणं, कुंपण, गुडघ्याचं ऑपरेशन... यात जुलै संपत आला. मग मी गॅरेजमध्ये बसलो. पहिली गोष्ट, चाकाचं माप साडेएकोणतीसवर लावलं. एक स्क्रू. तीस सेकंद. तेवढं एकच काम पहिल्या झटक्यात झालं, आणि तेवढंच चुकलं, पण ते पुढे.

दोऱ्या ढिल्या करायला धनुष्य दाबून धरावं लागतं, त्याला शिकंजा लागतो. लोक विकत घेतात. मी कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या जुन्या चीजप्रेसचा बनवला. आर्डिस दारातून म्हणाली, "त्याने दोन टन चेडर दाबलं जायचं ना?" मी म्हटलं, "हळू फिरवणार आहे." ती म्हणाली, "मी घरात आहे," आणि दार लावून घेतलं. पण चालला बरं का शिकंजा. फार सुंदर चालला. तेवढं माझ्या नावावर लिहून ठेवा.

मग दोरीवर छोट्या दोराचा फासा बांधायचा, त्यात मनगटाला बांधलेल्या चापाचा आकडा अडकवून दोरी ओढायची. इंटरनेटवर एक माणूस सांगतो, अगदी सोपी गाठ आहे, टोक केसभर जाळून घ्या. मी जाळलं. केसभर कमी जाळलं असेल. गवताच्या गठ्ठ्यासमोर उभा राहून ओढतोय, ओढतोय, आणि फासा सुटला, आणि माझी मूठ साठ पौंडांच्या जोराने माझ्याच तोंडावर. बाण कुठे गेला ते दोन तासांनी कळलं. ओठ मात्र लगेच कळला. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला उभा, तर पास्टरबाई हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी काही बोलायच्या आत आर्डिस मागून म्हणाली, "अजून तरी."

आणि मग कागद.

कागद म्हणजे असं. लाकडी चौकटीवर कागद ताणायचा, सहा फुटांवर उभं राहायचं, बाण कागदातून मारायचा आणि फाटलं कसं ते बघायचं. गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा पडल्या तर बाण सरळ गेला. लांब फाटलं तर बाणाची शेपूट वळवळत गेली. शेपूट वळवळली की बावीस यार्डांवरचा खांदा मांडी होतो. मला हे कोणी समजावायची गरज नव्हती.

आर्डिसचा मटण गुंडाळायच्या कागदाचा रोल घेतला. पहिला बाण. दोन इंच डावीकडे फाटलं. खोक्यातला तक्ता म्हणतो, आधार केसभर सरकवा. सरकवला. दुसरा बाण, उजवीकडे. उलटा सरकवला. तिसरा, वर. अहो, वर कशाला? मी वरखाली काही हात तरी लावला होता का? गाठ खाली घेतली. चौथा, डावीकडे आणि खाली. पाचवा, जरा बरा, म्हणून जीव हुरळला. सहावा, मांजराने ओरबाडल्यासारखा.

चाकं एकाच वेळी फिरतात का ते तपासलं. फिरत होती. दोरीला पीळ दिला, काढला. बाण बदलले. पिसं बदलली. दोन छोट्या पाणसळी लावून सगळं काटकोनात आणलं, आणि पुन्हा... डावीकडे. संबंध ऑगस्ट. एकशे चाळीस भोकं मी मोजली, त्यानंतर आर्डिसचा रोल संपला. दुसरा आणला, तो तिने स्वयंपाकघरात लपवून ठेवला.

एवढ्यात गेलन आला. गेलन म्हणजे आर्डिसचा भाऊ. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. नवा पिकअप माझ्या कुंपणाला लावून, बिअरचा डबा हातात घेऊन उभा. दोन भोकं बघितली आणि म्हणाला काय असेल? सांगा बघू?

"केसभर डावीकडे घे रे."

मी घेतला. मला सांगायला लाज वाटते, पण घेतला. तो म्हणाला, "आता कागद पुरे, शिकारीचं पातं लाव आणि तीस यार्डांवरून मार, तिथे खरं काय ते कळतं." शिकारीचं पातं रुंद असतं, धनुष्याची जराशी चूक असली तर ते चौपट करून दाखवतं. मी लावलं. गठ्ठ्याच्या मधोमध धरलं. सोडलं. बाण गठ्ठ्याला वळसा घालून निघून गेला, आणि सूंऽऽ असा आवाज आला. बाणाचा नाही. गेलनच्या पुढच्या टायरचा.

गेलनने टायरकडे बघितलं. बिअरचा घोट घेतला. मग म्हणाला, "जरा जास्तच डावीकडे झालं."

टायर बदलून तो गेला. मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसलो. शिकारीचा सीझन उघडायला अकरा दिवस राहिले होते. तुम्हाला खरं सांगतो, मला सीझनचं काही नव्हतं. मला ते ओढ्याकाठचं हरण दिसत होतं. हे नवं धनुष्य, इतकं निगुतीने बांधलेलं, तेही तसंच मारतंय. मग मी कशावर विश्वास ठेवायचा? ठरवलं, या वर्षी जायचंच नाही. पुढच्याही.

आर्डिस काकड्यांच्या लोणच्याच्या बरण्या भरून बाहेर आली होती, हाताला शेपूचा वास. म्हणाली, "ऊठ. एकदा ओढून धर. सोडू नकोस."

मी म्हटलं, "धनुष्य सगळं तपासलंय."

"धनुष्य सहा आठवडे तूच बघतोयस. मला तुला बघू दे."

ओढून धरलं. तिने फोनवर फोटो काढला आणि दाखवला. अहो, तो माणूस मी? मागे कललेला, जणू गळ्यात वासरू घेऊन उभा आहे. मान आकाशाकडे, दाढ दुखत असल्यासारखा जबडा, दोरी कानाच्या मागे, गाल दोरीला ढकलतोय, आणि पुढचा हात असा ताणलेला की कोपराला आता रडू येईल. दर वेळी मी दोरीकडे पोचायला थोडा वेगळा कलत होतो, आणि दर वेळी कागद वेगळा फाटत होता.

ती आत गेली आणि शिवणाची टेप घेऊन आली. "हात पसर." पसरले. एकोणसत्तर इंच. भागिले अडीच.

"साडेसत्तावीस," ती म्हणाली. "आणि थोडंसं."

मी म्हटलं, "टेप जुनी आहे."

तेव्हा ती माझ्याशेजारी दुसऱ्या बादलीवर बसली. म्हणाली, "व्हर्लिन, तू शर्ट कोणत्या बाहीचा घेतोस?"

"पस्तीस इंचाचा."

"चौतीस वर्षं मी प्रत्येक शर्टाची बाही दीड इंच आत दुमडून शिवते आहे."

मी मनगटाकडे बघितलं. कफ बरोबर मनगटावर होता. चौतीस वर्षं बरोबर मनगटावर होता. मला वाटायचं, शर्ट चांगला बसतो.

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"शर्टाने काही बिघडत नव्हतं," ती म्हणाली.

रात्री शिकंज्याकडे गेलोही नाही. सकाळी उठलो, चाकाचा स्क्रू काढून साडेसत्तावीसवर लावला. तीस सेकंद. मग फासा पुन्हा, दोरीतलं नेम धरायचं भोक पुन्हा, आधार पुन्हा, दुपारपर्यंत सगळं पुन्हा. ओढून धरलं तर पहिल्यांदा काय जाणवलं, तर काहीच नाही. कुठे काही ओढत नव्हतं. दोरी ओठाच्या कोपऱ्याशी येऊन गप्प बसली. आर्डिसने लपवलेला रोल स्वतःहून आणला आणि चौकटीवर ताणला.

पहिला बाण. भोक जरासं उजवीकडे फाटलं. मी आधार सरकवला. किती म्हणून सांगू... हो, तेवढाच. दुसरा बाण. गोल भोक, तीन चिरा.

तिसरा मारला. गोल. चौथा, पाचवा, गोल. मग शिकारीचं पातं लावून तीस यार्डांवरून तीन बाण, तिन्ही माझ्या तळहाताएवढ्या जागेत. मी धनुष्य खाली ठेवलं आणि लक्षात आलं, की मला हसू येतंय.

पण हसू आलं तेवढ्यात दुसरंही कळलं. जुनं धनुष्यही साडेएकोणतीसचंच होतं. मी आर्डिसला म्हटलं, "गेल्या वर्षीचं ते हरण... धनुष्याची चूक नव्हती. माझी होती."

ती कागद गुंडाळत होती. म्हणाली, "हो." रोल काखेत मारून म्हणाली, "पण आता चूक कुठे आहे ते माहीत आहे ना?"

तुम्हाला सांगतो, वर्षभर छातीवर जे बसलं होतं ते त्या 'हो'ने उठून गेलं. 'जाऊ दे, होतं असं' म्हणाली असती तर नसतं गेलं.

दुसऱ्या दिवशी दोन सुट्या वस्तू घ्यायला प्रोहास्काकडे गेलो. तो वर न बघता म्हणाला, "साडेसत्तावीस?"

"हो."

"अरे, वाईट वाटून घेऊ नकोस. या दारातून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे हात, त्याच्या मते, टेपपेक्षा दोन इंच लांब असतात."

सीझन उघडला त्या शनिवारी मचाणावर बसलो. आठ वाजता हरणाची एक मादी आली, एकटी, अठरा यार्ड, आडवी. ओढलं, धरलं, श्वास सोडला. बाण जिथे बघत होतो तिथे गेला. ती साठ पावलं धावली आणि माझ्या डोळ्यांसमोर पडली. शोधायला लागलं नाही. मी खाली उतरलो, तिच्याजवळ टोपी काढून बसलो, आणि किती हलकं वाटलं, ते मला तुम्हाला सांगता येणार नाही. फोन लावला. आर्डिसने एवढंच विचारलं, "लगेच?" मी म्हटलं, "लगेच." ती म्हणाली, "ये मग घरी."

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माप आर्डिसने घेतलं, हे मी प्रोहास्काला सांगून बसलो, आता त्याला कोणी गप्प करायचं? ज्याच्याशी मापावरून त्याचा वाद होतो, त्याला तो आता सांगतो, हॉगस्टाडबाईंकडे, म्हणजे आमच्या आर्डिसकडे, जा. रोज संध्याकाळी माझ्या गॅरेजबाहेर दोन-तीन पिकअप उभे. गेलन तर पहिला होता, त्याचे हात पावणेतीन इंचांनी कमी भरले, अजून बोलत नाही कोणाशी. मोठमोठे बाप्ये रांगेत उभे राहतात आणि मुकाट्याने हात पसरतात, आर्डिस त्यांना आकडा सांगते, आणि माझ्याशी वाद घालणारा एकेक जण तिला "बरं बाई" म्हणून जातो. मला वाटलं होतं, निदान धनुष्याविषयी चार गोष्टी मला विचारतील, शिकंजा तरी बघतील. छे. मी टेपचं दुसरं टोक धरतो.