शालनच्या हातातला घण

आमी मूळचं आटपाडीकडचं, धनगर. पावसाळा सरला की बाप मेंढरं घिऊन कऱ्हाडाकडं उतरायचा, बागाइतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा, आन् त्येच्या मागं चालून चालून मी कटाळलो म्हणून मिरजेला इमामवस्तादांच्या हाताखाली कमानीच्या कामाला लागलो. कमान म्हंजे काय सांगू तुमाला, पिकपच्या मागच्या चाकांवर लोखंडाचं पाटं एकावर एक बांधल्यालं असत्यात, गाडीचा सगळा भार त्येच पेलत्यात. वस्ताद आदी हातोडा द्यायचं न्हाईत, मोडक्या कमानी पुढ्यात टाकायचं आन् म्हणायचं, सांग, कुठली कुठल्या गाडीची, आन् कशानं मोडली. तोंडानं सांगता आलं की मग हातात घण.

पुढं उंब्रजला हायवेच्या कडंला माझं दुकान झालं, लगीन झालं. मालकीण माजी शालन, तीबी धनगराचीच. दुकान लय चांगलं चाललं. आन् एक दिवस गाडीखालनं कमान ओढून उचलली तवा कमरंत अशी कळ आली की मी तितंच बसलो. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणलं, चालशील, फिरशील, पण जड उचलायचं न्हाई आन् घण तर न्हाईच न्हाई. कामाला माणसं ठेवली तर ती चार दिस ऱ्हायची आन् कारखान्यात जायची.

मग शालननं पदर खोचला. मी म्हणलं ठेव त्यो घण, हे बाईमाणसाचं काम न्हाई. ती म्हणली, आवं, दुकानाला कुलूप लावून काय खायाचं, तुमी तोंडानं सांगा, मी हातानं मारते. तसं सुरू झालं बघा. पण माजी काय गत झाली म्हणून सांगू. गिऱ्हाईक गाडी लावून इचारायचं, मिस्त्री कुठं हायती, आन् मी खुर्चीत, अंगानं धडधाकट दिसणारा, आन् बायकू घामानं भिजल्याली. मी पाणी आणतो म्हणून मागल्या अंगाला जाऊन हुबा ऱ्हायचो. थोरला भाऊ आला तर म्हणला, बायकूला घण मारायला लावून सावलीत बसतोस व्हय रं. बसलोच हुतो की सावलीत.

गेल्या उन्हाळ्यात वस्ताद आलं. साताऱ्यास्नं माघारी निघाल्यालं, गाडी त्येंच्या पुतण्याच्या हातात, त्येंचीच ती जुनी पिकप, आन् वाटंत मागचा पाटा मोडला. माजा म्हादू, म्हंजे मी, उंब्रजात हाय म्हणून सरळ दुकानावरच आणली. मला वाटलं भुई फाटावी. मी म्हणलं, वस्ताद, फुडं एक चांगला मिस्त्री हाय, तितं न्हेऊ. तवर शालननं जॅक लावला हुता.

वस्ताद माज्या शेजारी स्टुलावर बसलं. बाजूला भंगारात जुन्या, मधल्या आन् नव्या पिकपच्या मागच्या कमानी पडल्याल्या, तिकडं बोट करून म्हणलं, पोरी, ह्येच्यात फरक काय. मी मान खाली घातली. शालन बोल्ट सोडता सोडता म्हणली, जुनीला पाटं पातळ पण लय, एखादा मोडला तर बाकीचं घरापातूर आणत्यात, जसं तुमाला आणलं. मधलीला पाटं कमी आन् जाड, भरल्याली गाडी झ्याक चालती पण रिकामी उड्या मारती, पाचगणीची स्ट्रॉबेरीवाली बोंबलत येत्यात, माल चेपला म्हणून. आन् नवीचं पाटं मधी जाड, टोकाला पातळ, ते हलकं खरं, पण बिघडलं की ठोकून जमत न्हाई, आख्खी कमानच बदला.

तिनं मोडक्याच्या जागी दुसरा पाटा तापवला, ठोकला, जुन्या पाट्यावर धरून बाक बघितला, पुन्ना ठोकला. वस्तादांनी बोटानं चाचपून बघितला. मग मला म्हणलं, ही कुणाकडं शिकली? मी म्हणलं, माज्याकडंच. मग मान का खाली घालतोस गड्या, म्हणलं. आन् जाताना तिला म्हणलं, येतो मिस्त्री.

तुमाला वाटंल माजी लाज गेली. न्हाई गेली. उलट त्यो मिस्त्री शब्द माज्या काळजात रुतला, इतकी वर्सं त्यो माजा हुता. आन् रुतला म्हणून आणिक लाज वाटली, ती घण मारती म्हणून चूल पेटती आन् मला ह्येचं वाईट वाटावं.

आता नव्या गाड्या वाढल्या, ठोकायचं काम कमी झालंय, तरी जुन्या येत्यातच. मी आता मागं जाऊन हुबा ऱ्हात न्हाई, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा अजून देत न्हाई. सांजच्याला तिच्या खांद्याला तेल चोळतो. खांदा दगडावाणी लागतो हाताला. बिरोबाला एवढंच म्हणतो, माज्या कमरंचं झालं ते झालं, हिचा खांदा तेवढा संबाळ.