एकतीस चेहरे, तीस चौकटी

काका : ...आणि हा कोण बोकड? याच्या तोंडावर बोट ठेवलं की याची आई का उघडते?

पुतणी : तो बोकड तुमचा पुतण्याच आहे, काका. फोटोत आठ महिन्यांचा, आईच्या मांडीवर. त्याची चौकट आईच्या चौकटीखाली गेली होती. त्याने तक्रार केली, काल दुरुस्त केलं. तुमच्याकडे जुनंच पान उघडं आहे, थांबा.

काका : कशाला दुरुस्त केलंस? बरोबर होतं की! पंचावन्न वर्षांचा घोडा झाला, अजून आईच्या मागून बाहेर यायचं नाव नाही. यंत्राला पहिल्या फटक्यात कळलं.

काकू : चहा आणलाय. त्या लॅपटॉपवर सांडू नका.

काका : मी कशाला सांडतोय? मी त्या डबड्याला हातसुद्धा लावत नाही. तुझ्याकडे दिलाय म्हणून घरात आहे.

काकू : माझ्याकडे? बरं.

पुतणी : काका, सहा वाजता मी हे कुलूप लावून सगळ्यांना पाठवणार आहे. मग वर्षभर एक अक्षर बदलणार नाही. शेवटच्या दुरुस्त्या सांगा.

काका : दुरुस्त्या! महानगराच्या गटारांचे नकाशे काढता काढता घराण्याचा नकाशा काढलास. पाइप कुठून निघाला, कुठे कुणाला मिळाला. आणि आता काय, तर फोटोवर बोट ठेवा, माणूस उघडतो, खाली त्याची कुंडली. पूर्वी माणूस ओळखायचा तर त्याच्याकडे चार वेळा जावं लागायचं.

पुतणी : तुम्ही कुणाकडे गेलात शेवटचे?

काका : विषय बदलू नकोस. धाकट्याने काय लिहून मागितलंय?

पुतणी : धाकट्या काकांना ‘उद्योगपती’ हवंय.

काका : उद्योगपती! दोन गाळ्यांचं दुकान, त्यातला एक भाड्याने दिलेला. दुसऱ्यात हा पंख्याखाली झोपतो. लिही, ‘निद्रापती’.

काकू : आणि मधल्या जाऊबाईंचं काय?

पुतणी : त्यांना फोटोतला चेहरा बदलून हवाय. म्हणाल्या, त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं, मी अशी नव्हते. लग्नाच्या फोटोतलं तोंड कापून इथे चिकटव.

काका : अशीच होती. ऊन नसतानाही अशीच होती. आणि तो परदेशातला शहाणा?

पुतणी : त्याने सतरा दुरुस्त्या पाठवल्यात. आजोबांच्या नावापुढे ‘कारखानदार’ आहे ते काढून ‘संस्थापक अध्यक्ष’ कर म्हणतो.

काका : खोक्यांच्या कारखान्याचा संस्थापक अध्यक्ष! पुठ्ठ्याला घड्या घालून खोकी करायचो आम्ही, विमानं नाही. अण्णा स्वतः बनियनवर गोंदाची बादली ढवळायचे. बघ ना फोटोत, सगळं घर कापायच्या यंत्रापुढे उभं केलंय आणि त्यांच्या हाताला गोंद तसाच आहे. एवढा मोठा करून दाखवतेस, तर तोही दिसेल.

पुतणी : दिसतो. अंगठ्याच्या नखात. खूप काही दिसतं, काका.

काका : मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या महिन्यापूर्वी.

पुतणी : लक्षात आहेत. एक, उजवीकडे शेवटी उभ्या असलेल्या आत्याला चौकट काढायची नाही. दोन, फोटोची उजवी कड दोन बोटं कापायची.

काका : मग?

पुतणी : चौकट काढलेली नाही. एकतीस चेहरे, तीस चौकटी. तिच्यावर बोट ठेवलं तर काही उघडत नाही. कड मात्र मी कापलेली नाही. आत्याचा खांदा जाईल.

काका : जाऊ दे खांदा. जिने स्वतःच्या बापाला साऱ्या जगापुढे तोंडावर पाडलं, तिच्या खांद्याचं काय कौतुक!

पुतणी : मला ती गोष्ट कधी कुणी नीट सांगितली नाही. घरात विषय निघाला की सगळे गुळणी धरून बसतात.

काका : सांगण्यासारखं काय आहे? कापायच्या यंत्रावर एका माणसाची चार बोटं गेली. हा फोटो काढल्यानंतर पंधरा दिवसांनी. इन्स्पेक्टर आला. अण्णा म्हणाले, पात्याला जाळी होती, या कामगारानेच घाईत काढली. विषय मिटला असता. तेवढ्यात ही बाई, एकवीस वर्षांची, हजेरीपट लिहायला बसवली होती टेबलाशी, कुणी विचारलं नसताना उठून म्हणते, ‘जाळी महिन्यापासून नव्हती आणि यांनी काढलेली नाही.’ दीड वर्ष कारखान्याला टाळं. अण्णांनी अंथरूण धरलं. तिला काय, सत्यवादी म्हणून मिरवायला मिळालं.

पुतणी : कुठे मिरवली? अण्णांनी घराबाहेर काढलं. त्यानंतर पंचावन्न वर्षं तिचं नाव कुणी घेतलेलं नाही.

काका : तुला पुळका का आलाय?

पुतणी : तिच्या मुलीचं पत्र आलं म्हणून. आत्या शहात्तर वर्षांची आहे. डोळे जवळजवळ गेलेत. मुलगी लिहिते, ‘तुम्ही फोटो लावताय असं कळलं. आईला दिसणार नाही, मी वाचून दाखवीन. तिने एकच विचारलंय, तिच्या जागी बोट ठेवलं तर काय येतं?’ सहा वाजता त्यांनाही उघडणार आहे. मी पासवर्ड पाठवलाय.

काका : कुणाला विचारून?

पुतणी : कुणालाच नाही.

काका : मग सांग तिला, काही येत नाही म्हणून. खरं ऐकायची हौस होती ना.

काकू : अहो, शहात्तर वर्षांची बाई आहे ती.

काका : तू चहाचे कप घेऊन जा.

काकू : कप भरलेले आहेत. मी बसते.

काका : आणि हा माझ्या एकट्याचा हट्ट नाही. विचार तिला, तेरा घरांना महिनाभर दाखवलं. कुणी म्हणालं का, तिला घ्या म्हणून?

पुतणी : नाही. आठ घरांनी उलट लेखी कळवलं, घेऊ नका. धाकटे काका तर म्हणाले, ‘ती दिसली तर माझं नाव काढून टाक.’

काका : बघ!

पुतणी : पण एक सांगायचं राहिलं. फोटोवर जिथे जिथे बोट लागतं, तिथे माझ्याकडे ठिपका पडतो. चौकट असो वा नसो. लोकांना कुठे माहिती हवी आहे ते कळावं म्हणून मी ठेवलं होतं. प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा, त्यामुळे कुठल्या घरातून ते कळतं.

काका : म्हणजे चहाडखोर आहे हे यंत्र.

पुतणी : सगळ्यात जास्त ठिपके कुणाच्या तोंडावर असतील?

काका : अण्णांच्या.

पुतणी : अण्णा चाळीस. तुम्ही अकरा.

काका : अकरा? फक्त?

पुतणी : आत्या तीनशे सहा.

काकू : काही उघडत नाही तरी?

पुतणी : तरी. परत परत. वाचू, कुणी कुणी?

काका : वाच! वाचच. मलाही कळू दे, हे सोवळे लोक पाठीमागे काय करतात.

पुतणी : धाकटे काका. ‘माझं नाव काढून टाक’ असं लिहून पाठवलं, त्याच दिवशी नऊ वेळा. एकूण बावीस.

काका : (हसून) उद्योगपती! पंख्याखाली हेच उद्योग चालतात तर.

पुतणी : मधल्या काकू, एकोणीस.

काका : तिला बघायचं असेल, हिच्याही डोळ्यांवर ऊन होतं का. पुढे?

पुतणी : परदेशातला दादा, एकतीस. तो तर आत्या गेली तेव्हा जन्मलाही नव्हता.

काका : त्याला अठरावी दुरुस्ती सुचवायची असेल! वा, वा. काय एकेक रत्नं आहेत. कागदावर लिहून देतात नको म्हणून, आणि आतून भिंतीला कान लावून बसतात. लाज वाटत नाही? आवडत नसेल तर बघू नका, बघायचं असेल तर छाती ठोकून सांगा. पाठीचा कणाच नाही एकाला. अजून किती राहिले?

पुतणी : बाकी घरं किरकोळ, चार-पाच वेळा. आणि एक घर मोठं आहे.

काका : किती मोठं?

पुतणी : एकशे ऐंशीच्या वर. तीनशेतले निम्म्याहून जास्त.

काका : अरे बापरे! हा खरा ढोंगी. कोण हा महापुरुष?

पुतणी : चहा गार होतोय, काका.

काका : चहा गेला खड्ड्यात. नाव सांग. सहा वाजता सगळ्यांना पाठवतेस ना, त्यात हेही घाल. चार लोकांत उघडा पडू दे.

पुतणी : सव्वीस दिवस, एकही खाडा नाही. रोज दुपारी. दोन ते तीन.

काकू : दोन ते तीन यांची झोपायची वेळ. दार लावून घेतात. लॅपटॉपही आतच असतो तेव्हा. मी म्हटलं, बातम्या बघत असतील.

(काका गार झालेला चहा बशीत ओततात.)

काका : ठिपक्यांवर वेळही पडते का?

पुतणी : पडते.

काका : गटारवाल्यांच्या नादी लागूच नये.

पुतणी : काका, तुम्हाला माहीत होतं काही उघडणार नाही. तुम्हीच बंद ठेवायला सांगितलंत. मग रोज काय बघत होता?

काका : बघत होतो, तू काही लिहिलंस का.

पुतणी : मी?

काका : लहानपणी एक गोष्ट ऐकायची नाहीस तू. जिन्यावरून पळू नको म्हटलं की पळायचीस. मला रोज वाटायचं, आज तरी हिने माझं न ऐकता तिथे एखादी ओळ टाकली असेल. मग मी आरडाओरडा केला असता, आणि ओळ राहिली असती. आयुष्यात नेमकं याच वेळी इतकं आज्ञाधारक व्हायचं होतं तुला?

पुतणी : वा! म्हणजे दोष माझा. तुम्ही सरळ ‘घे तिला’ म्हणाला असता तर कोण अडवणार होतं? आता घरात सगळ्यांत मोठे तुम्ही. त्या आठ जणांनी कुणाच्या तोंडाकडे बघून ‘नको’ लिहिलं? मघाशी पाठीच्या कण्याबद्दल फार छान बोललात.

काकू : बोल. आज बोलूनच घे.

काका : तिचं नाव लिहायचं म्हणजे पुढचंही लिहावं लागतं.

पुतणी : पुढचं काय?

काका : तो फोटो मोठा कर. उजवी कड. तिच्या खांद्यामागे, भिंतीला.

पुतणी : ते काहीतरी टेकवलंय ते? मला वाटलं जुनी खिडकी असेल. मी विचारणारच होते.

काका : खिडकी नाही. जाळी आहे ती. पात्यावरची.

काकू : म्हणजे फोटोच्या दिवशीच काढलेली होती.

काका : त्याच्या आधी पंधरा दिवस. मी काढली होती.

काकू : तुम्ही?

काका : चोवीस वर्षांचा होतो. अंगात मस्ती. जाळी असली की पुठ्ठा आत सरकवायला वेळ लागतो, तासाला शंभर खोकी कमी पडतात. मोठी ऑर्डर होती. अण्णांनी माझी पाठ थोपटली, कसं जमवलंस म्हणून विचारलं नाही. आणि मी त्याच यंत्रापुढे छाती काढून उभा राहिलो. बघ, कसा उभा आहे. टोणगा.

पुतणी : आत्याला माहीत होतं?

काका : पाना कुठे आहे म्हणून मी तिलाच विचारलं होतं. ‘दादा, काढू नकोस’ म्हणाली. मी म्हटलं, तू हजेरी लिही.

पुतणी : आणि इन्स्पेक्टरने विचारलं नाही, कुणी काढली?

काका : विचारलं. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘माहीत नाही’ म्हणाली. जन्मात एकदा खोटं बोलली, ते माझ्यासाठी. त्याच संध्याकाळी अण्णांनी तिला बाहेर काढलं. तिची ट्रंक मीच उचलून फाटकाबाहेर ठेवली. जड आहे म्हणून कुरकुरलोसुद्धा.

काकू : मला पन्नास वर्षांत सांगितलं नाहीत.

काका : तू विचारलं नाहीस.

काकू : विचारलं होतं, लग्नानंतर पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, ती घरभेदी होती. मीही तेच म्हणत आले. चार जणींत म्हणाले. आता माझी जीभ कुठे धुऊ?

काका : ज्याचं लिहायचं त्याचं लिहून घे गं पोरी. साडेपाच झाले.

पुतणी : आत्याच्या चौकटीत काय लिहू?

काका : नाव. जन्मसाल. अण्णांची मुलगी, चौघा भावांची बहीण. कारखान्याचा हजेरीपट लिहायची. इन्स्पेक्टरपुढे खरं बोलली. एवढंच लिही, फुलं वाहू नकोस. तिला आवडणार नाही.

पुतणी : लिहिलं. एकतीस झाल्या. उजवी कड कापू?

काका : नको. त्या जाळीभोवती एक चौकट काढ.

पुतणी : जाळी माणूस नाही, काका. नुसती चौकट काढता येत नाही. ती कुणाला तरी जोडावी लागते.

काका : मला जोड.