शटर खाली असण्याबाबत

जबाब देणार: मयताची पत्नी. वय पंचावन्न वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार गॅरेजच्या वरची खोली, जिना मागच्या बाजूने.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पतीसोबत राहत होते. खाली त्यांचे गॅरेज आहे. आम्हांला मूलबाळ नाही. धाकटे दीर पलीकडच्या गल्लीत राहतात, त्यांचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. मी शाळेत फार गेले नाही. पार्टच्या खोक्यांवरून आणि रद्दीतल्या वर्तमानपत्रांवरून वाचायला शिकले. पतींना जवळचे दिसेनासे झाल्यापासून वायरिंगचे नकाशे मीच वाचून दाखवत असे. त्यामुळे या कामातले थोडेफार मला कळते.

गॅरेजमधली लाल गाडी आमची स्वतःची आहे. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा तिचा कॉम्प्युटर जळाला होता. कंपनीने तो बनवणे बंद केले आहे. म्हणून पतींनी दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा कॉम्प्युटर आणून या इंजिनाला जोडायला घेतला. दीर येता-जाता म्हणायचे, "दादा, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवतोयस. दोघं बोलणार कुठल्या भाषेत?" पती म्हणायचे, "लग्नात दुसरं काय करतात? मी आणि तुझी वहिनी बोलतोच की." यावर मी म्हणत असे, "बोलते मी, तुम्ही नुसते हं हं करता."

इंजिनाच्या दातेरी चाकाचे दात मोजून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ धरतो. दातांचा हिशेब जुळेना, म्हणून पतींनी लेथवर नवे चाक करून घेतले. त्यानंतर गाडी सुरू होऊ लागली, पण जरा गरम झाली की बंद पडायची. पाणी किती तापले हे सांगणारा सेन्सर इंजिनाच्या कंपनीचा होता. त्याचे सांगणे या कॉम्प्युटरला चुकीचे कळायचे. इंजिन अजून थंडच आहे असे समजून तो पेट्रोल ओतत राहायचा आणि प्लग काळे पडायचे. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच ही तपासणी होते, म्हणून दिवसाला एकच प्रयत्न व्हायचा, तोही सकाळी.

सकाळचे ऊन समोरून थेट आत येते. लॅपटॉपवर काही दिसत नाही. म्हणून त्या वेळी पती शटर खाली ओढायचे. हे रोजचे होते.

धूर बाहेर सोडायचा रबरी पाइप भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, गाडीला लावलेला नव्हता, हे खरे आहे. साहेबांनी विचारले, "बाई, इतकी वर्षं गॅरेज चालवणारा माणूस शटर लावून, पाइप न लावता गाडी चालू करतो का?" दीरही म्हणाले, "वहिनी, तीन महिने दादा धड बोलत नव्हता." मी म्हणाले, "तुमच्याशी." दीर गाडी भंगारात द्या म्हणत होते, म्हणून पती त्यांच्याशी कमी बोलत. माझ्याशी बोलणे नेहमीसारखे होते. आमचे भांडण नव्हते. कर्ज नाही.

पाइपबाबत माझे सांगणे असे की, या गाडीला तो कधी लावावाच लागला नाही. धूर साचेल इतका वेळ ती चालतच नव्हती. रोज शटर खाली, दोन-चार मिनिटे आवाज, मग बंद, मग शटर वर.

आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरच्या कंपनीचा सेन्सर मिळाला. इंजिनावर त्याचे आटे बसेनात, म्हणून पतींनी मधे बसणारी पितळी कडी, म्हणजे बुश, करून तो बसवला. सकाळी चहा घेऊन ते खाली गेले. मी वर मशीनवर बसले होते. आवाज ऐकू येत होता. आज बरी चालतेय, इतकेच मनात आले. जेवायला हाक मारली तेव्हा ओ आली नाही, म्हणून खाली जाऊन शटर वर केले. पती पुढच्या सीटवर होते, लॅपटॉप मांडीवर होता. जुना सेन्सर त्यांच्या शर्टाच्या खिशात मिळाला, तो आपल्याकडे जमा आहे.

मी त्यांना ओढत बाहेर आणले आणि दीरांना हाक मारली. ते येईपर्यंत आत इंजिन एका लयीत चालू होते. रेडिएटरचा पंखा लागत होता, थांबत होता, परत लागत होता. पाणी पुरते तापल्याशिवाय तो लागत नाही. हा कॉम्प्युटर जोडल्यापासून तो आम्ही कधी ऐकला नव्हता. पतींनी एकदा तरी ऐकला असावा. हे माझे म्हणणे आहे, मी पाहिलेले नाही. चावी दीरांनी फिरवली.

पतींनी जीव दिला असे मला वाटत नाही. माझा कोणावर संशय नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. त्यात एके ठिकाणी "नादुरुस्त गाडीत मृत अवस्थेत" असे लिहिले होते. गाडी दुरुस्त झाली होती. तो शब्द माझ्यासमोर खोडला आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.