तातेरावांच्या खुर्चीला लाल चिठ्ठी

…न्हाई, मला एक सांगा, स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला कुणी 'गरज नाही' अशी लाल चिठ्ठी चिकटवतं का? चिकटवतं का हो? आमच्याकडं चिकटवली! पोटच्या पोरांनी! अन् मी काही बोललो का? बिलकुल न्हाई!

आता कारखाना म्हणजे तरी काय, परतूरला स्टेशनच्या रोडला दोन भट्ट्या, एक चक्की, कामाला चार बाया अन् दारात मी, तातेराव. आमचा माल येसर. धने, डाळ, गहू, बाजरी खमंग भाजायची, मसाल्यासंगं दळायची, अन् मंग लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी अशी, की वरपक्षाचे लोक मानपान विसरून वाटी पुढं करतेत. माझं काम काय? खुर्ची टाकून बसायचं. रस्त्यानं कुणी बी जाऊ द्या, हमाल, पाहुणा, यष्टीचा ड्रायव्हर… "या हो, हात करा पुढं!" तळहातावर चिमूटभर येसर ठेवायचा. त्यानं चाटून पुन्हा हात पुढं केला, की घाणा पास! पाणी मागितलं, की आत वरडायचं, "मिरची जास्ती झाली गं!" संपला विषय. आमच्या वडलांनी बी हेच केलं, अन् चांगलं चाललं होतं हो!

पण पुण्याच्या एका मोठ्या दुकानाला चव आवडली, अन् ते म्हणले, माल घेतो, पण क्वालिटीचं सर्टिफिकेट पाहिजे. झालं! आमची वंदना वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीच्या खात्यात हाये, ती सुट्टी टाकून आली. अन् सोमेश्वर नुकताच एमबीए करून आल्ता, तो तर घरातच. सख्खे बहीणभाऊ, एका ताटात जेवलेले, पण क्वालिटी म्हणलं की दोघांच्या दोन जाती!

वंदना म्हणती, "पप्पा, आपल्याला सिक्स सिग्मा लागतं. सगळं मोजायचं. दहा लाख पुड्यांत चुका चारच्या आत!"

अगं माय, दहा लाख पुड्या? तुझ्या आज्यापासून धरल्या तरी भरायच्या न्हाईत! चुका करायला तरी माल पाहिजे का नको? पण मी काही बोललो का? न्हाई!

तर सोमेश्वर मधीच, "ताई, ते मोठ्या कंपन्यांचं. खर्चा बघ त्याचा! आपल्याला काइझेन बराबर. जपानी हाये. सगळ्यांनी मिळून रोज थोडं थोडं सुधारायचं."

"थोडं थोडं सुधारत बसशील तवर पुण्याचं गिऱ्हाईक जाईल!"

"अन् तू मोजत बसशील तवर येसर करपंल!"

मंग काय, दोन्ही चालू! वंदनानं बंदुकीसारखं एक यंत्र आणलं, ते कढईवर रोखायचं अन् किती तापली ते वाचायचं. एकदा माझ्याकडं बी रोखलं! म्हणती, "पप्पा, तुम्ही छत्तीस." आता हे वाढवायचं का कमी करायचं, ते सांगितलंच न्हाई! इकडं सोमेश्वरनं भिंतीला सूचनापेटी ठोकली. पहिली सूचना निघाली, 'मालकांनी कामात असलेल्या बायांना हाका मारू नयेत.' बरं. दुसरी, 'मालकांनी चहा कमी करावा.' बरं बाबा. तिसरी, 'मालकांनी रातच्याला घोरू नये.' आता तुम्हीच सांगा, हे कामावरच्या बाईला कुठून माहीत? मी वळून बघितलं, तर आमची मंडळी, कांताबाई, पदर तोंडाला लावून हसून राहिलेली! म्हणती, "सुधारणा सगळ्यांनी मिळून करायची असती."

मी काही बोललो का? न्हाई!

अन् गंमत बघा, ह्या दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं, अन् ते नेमकं माझ्यावर! म्हणे आधी पसारा काढायचा. ज्या वस्तूचं काम न्हाई तिला लाल चिठ्ठी. बाजाराच्या दिवसापर्यंत कुणी 'ही माझी, अमक्या कामाला लागती' असं म्हणलं न्हाई, तर वस्तू भंगारात. फुटक्या चाळणीला लागली, बंद पडलेल्या पंख्याला लागली… अन् मी चहा पिऊन येऊन बघतो, तर माझ्या खुर्चीच्या पाठीला!

"पप्पा," सोमेश्वर म्हणतो, "वाया जाण्याचे सात प्रकार असतेत. वाट बघत बसणं, फुकट माल वाटणं, दुसऱ्याचं काम थांबवणं… पाच तुमच्या खुर्चीत सापडले."

वंदना म्हणती, "पाच न्हाई, सहा!"

लई वाईट वाटलं, खरं सांगतो. 'माझी हाये' म्हणलं असतं हो मी, पण कोणत्या कामाला लागती, ते बी सांगायचं होतं ना! 'बसतो' हे काय काम झालं? मी आपला त्याच खुर्चीला पाठ टेकून बसलो, मनातल्या मनात कुढत, अन् थोड्या वेळानं उठून स्टँडवर गेलो. तिथं हॉटेलात सगळे माझ्याकडं बघून खुसुखुसू हसून राह्यले. शेवटी सर्जेराव, माझा बालमित्र, मागून मोठ्यानं वाचायला लागला, "गरज नाही. बाजारापर्यंत कुणी न मागितल्यास भंगारात. काय तातेराव, वहिनींनी काढलं का?"

चिठ्ठी शर्टाला चिकटून आल्ती! अख्ख्या परतुरात मी ती पाठीवर मिरवलेली! घरी येऊन गुपचूप परत खुर्चीला लावली. नियम तो नियम.

आला बाजाराचा दिवस. सकाळीच भुजंग भंगारवाला गाडा घेऊन हजर, अन् त्याच टायमाला संभाजीनगरहून सर्टिफिकेटवाले साहेब बी! वंदनानं आलेख दाखवले, सोमेश्वरनं पेटी दाखवली. साहेबांनी सगळं बघितलं, मान हलवली अन् म्हणले, "हे झालं तुमचं तुमच्यात. गिऱ्हाइकाला माल आवडला का न्हाई, हे तुम्हाला कसं कळतं?"

वंदना भावाकडं बघती, भाऊ पेटीकडं बघतो. अन् तिकडं भुजंगानं माझी खुर्ची उचलून गाड्यावर ठेवली बी!

तेवढ्यात आतून आवाज आला, "भुजंगा, खाली ठेव! माझी हाये ती!" कांताबाई हातात झारा घेऊन बाहेर आली. "अन् तिच्यावर बसणारं बी माझंच हाये! साहेब, गिऱ्हाइकाचं आम्हाला ह्या खुर्चीवरून कळतं."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्यावर हक्क सांगितला तिनं, अन् तो बी भंगारवाल्यासमोर! भुजंगानं खुर्ची उतरवली, मी बसलो. म्हणलं, "साहेब, हात करा पुढं." चिमूट ठेवली. त्यांनी चाटली, डोळे मिटले… अन् हात पुन्हा पुढं केला!

मी एकदा वंदनाकडं बघितलं, एकदा सोमेश्वरकडं. बोललो मात्र काही न्हाई!

साहेब खूश! म्हणले, "उत्तम पद्धत हाये. हीच लिहून काढा. फक्त एक ध्यानात ठेवा, आमच्याकडं जे लिहिलं ते रोज करायचं, अन् जे केलं ते रोज लिहायचं."

सर्टिफिकेट मिळालं, पुण्याला माल चालला, सगळं बेस! लाल चिठ्ठी निघाली अन् खुर्चीला हिरवी पाटी बसली, 'तपासणी केंद्र. जागेवरून हलवू नये.' त्यात मी बी आलो! वंदनानं तक्ता दिला, हात किती, पाणी किती. सोमेश्वर रोज खुर्ची थोडी थोडी सुधारतो, आता पाय जमिनीला टेकत न्हाईत. चहाला जावं म्हणलं, तर चौघी बाया आतून एका सुरात, "मालक, पाटी वाचा!" अन् आज कांताबाईच्या भाचीचं लग्न कुंभार पिंपळगावला. सगळं घर गेलं. पंगतीला आमटी आपल्याच येसराची… अन् मी इथं तुमच्या तळहाताकडं बघत बसलोय!

तेव्हा करा बाबा, तुम्ही तरी हात पुढं करा. …हां. कसा वाटला? काय, पाणी? अहो, पाणी मागू नका हो, लिहावं लागतंय!

बरं, प्या. अन् पिता पिता जरा आत डोकावून बघता का… ती लाल चिठ्ठी एखादी उरली असंल तर?