टॉवरवरच्या डब्यात शिरलेला पाहुणा

रेडिओवर बोलत होते मी, आणि लोकांना ऐकू येत होता भलताच कोणी, असं झालं बाई माझ्याबाबतीत. आमच्या बडोद्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी मराठी कार्यक्रम करते. त्या दिवशी शेवग्याची आमटी सांगत होते, तर स्टुडिओतला फोन वाजला. हरणीतल्या आमच्या घरून सासूबाई!

"अगं, तू गेलीस कुठे? इथे स्वयंपाकघरातल्या रेडिओवर कुणी बाप्या परक्या भाषेत बोलतोय आणि हसतोय!"

माझ्या हेडफोनमध्ये तर माझाच आवाज येत होता. मला वाटलं, आता कार्यक्रम बंदच करतील.

आमचे इंजिनिअर जिग्नेशभाई टॉवरकडे धावले. परत येऊन म्हणाले, "बेन, तुमचा आवाज इंटरनेटवरून टॉवरवरच्या डब्यात जातो आणि तिथून रेडिओवर. त्या डब्यात कुणीतरी बाहेरून घुसलं."

"पण दसऱ्याला आपण त्याची पूजा केली होती की! हारसुद्धा घातला."

"हां बेन, पूजा केली. पासवर्ड मात्र कंपनीतून आला तोच राहिला."

पासवर्ड बदलला, कार्यक्रमही वाचला. मला मात्र अजून नवल वाटतं. ज्यानं बडोदं कधी पाहिलंही नसेल, तो कुठूनसा थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेला!

सासूबाई म्हणतात, "काही का असेना, हसायचा मात्र गोड."